संगणक शंका-समाधान : नवे भाग बसवले आणि संगणक अधूनमधून बंद पडू लागला

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळ टॉवेल आणि चादरींची डिझाइन तयार करून देण्याचे माझे छोटे कार्यालय आहे. जॅकार्डच्या (नक्षीदार विणकामाच्या) फाइल मोठ्या होऊ लागल्या आणि बाहेरगावच्या ग्राहकांना टॉवेल प्रत्यक्षात कसा दिसेल याची त्रिमितीय चित्रेही दाखवावी लागू लागली, म्हणून जुन्याच संगणकात १६ जीबीची आणखी एक रॅम आणि आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले. प्रोसेसर कोअर आय-५ १०४०० आहे आणि आधीची रॅम ८ जीबीची आहे. एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबरच आलेला असून त्यावर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापले आहे. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असे दिसते. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर त्यात नव्हती, तेव्हा दुकानदाराने दोन साटा (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरींना जोडायचा एक कन्व्हर्टर लावून दिला. तेव्हापासून काम चालू असताना पडदा एकदम काळा होतो आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी दिवसभर काही होत नाही, कधी तासाभरात दोनदा होते. तीन-चार वेळा निळा पडदा येऊन त्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’ असे शब्दही दिसले. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकून दिले, पण फरक पडला नाही. आता तो म्हणतो की कार्डच खराब आहे, ते कंपनीकडे पाठवू. दुपारी त्रास जास्त होतो असे मला वाटते. कार्ड पाठवावे काय?

उत्तर : कार्ड सध्या पाठवू नये. आपण दिलेल्या माहितीत संशयाची बोटे कार्डापेक्षा कार्डाला वीज पुरवणाऱ्या व्यवस्थेकडे अधिक वळतात, आणि निळ्या पडद्याचा त्रास बहुधा त्याहून वेगळा आहे. एका दिवशी दोन भाग बसवले म्हणून दोष एकच असला पाहिजे असे नाही. दुकानदार आणि ग्राहक दोघेही एकच गुन्हेगार शोधत राहतात आणि त्यामुळे एक भाग बदलल्यावर त्रास निम्मा झाला तरी ‘काही उपयोग झाला नाही’ असे म्हणून तो भाग परत काढला जातो. आपल्याकडे लक्षणे दोन आहेत, आणि ती शेवटपर्यंत वेगळीच धरावीत.

पहिले लक्षण म्हणजे कोणताही संदेश न देता पडदा काळा होऊन संगणक पुन्हा सुरू होणे. दुसरे म्हणजे निळा पडदा. निळा पडदा येतो तेव्हा विंडोज जिवंत असते. काहीतरी भलतेच घडल्याचे तिला कळते, ती थांबते आणि जाताना नोंद करून ठेवते. वीजच तुटली तर नोंद करायला कोणी उरत नाही. मात्र विंडोज मूळ रचनेप्रमाणे निळा पडदा दाखवून लगेच पुन्हा सुरू होत असल्याने नजर दुसरीकडे असली तर दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. म्हणून सर्वांत आधी ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागातील ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ समोरची खूण काढून टाकावी. यापुढे निळा पडदा आला तर तो आपण हटवेपर्यंत तसाच राहील, आणि तरीही संगणक स्वतःहून पुन्हा सुरू झाला तर तो प्रकार विजेचा, उष्णतेचा किंवा मदरबोर्डचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

मागच्या घटनांचाही माग काढता येतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ या यादीत ‘कर्नल-पॉवर’ नावाची ४१ क्रमांकाची नोंद शोधावी. ही नोंद पाहून अनेक जण ‘पॉवरचा दोष’ असा निष्कर्ष काढतात, पण तिचा अर्थ इतकाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. बटण दाबून धरून बंद केला तरी हीच नोंद पडते. उपयोगाची गोष्ट तिच्या तपशिलात आहे. तेथे ‘बगचेक कोड’ समोर शून्य असेल तर निळा पडदा आलाच नव्हता किंवा त्याची नोंद होण्याइतकाही वेळ मिळाला नव्हता. २६ हा आकडा असेल तर तो ‘मेमरी मॅनेजमेंट’चा, २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) प्रतिसाद देईनासा झाल्याचा, आणि २९२ असेल तर प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरमधील गंभीर चूक कळवल्याचा. आपल्या यादीत शून्य आणि २६ हे दोन्ही आकडे दिसतील असा माझा अंदाज आहे. परंतु दोनदा फॉरमॅट झाल्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या गेल्या, आणि फॉरमॅटच्या सल्ल्याबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. मागावर धागा सारखा तुटू लागला तर कोणी कापड उतरवून नवी बीम (ताण्याच्या धाग्यांचा रूळ) चढवत नाही. तुटतो तो ताण्याचा की बाण्याचा, हे आधी पाहतात. हार्डवेअर बदलल्यानंतर सुरू झालेल्या त्रासावर फॉरमॅट हा शेवटचा उपाय असावा.

आता विजेचा हिशेब करू. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा सर्व व्होल्टेजची बेरीज असतो, आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये तर ती बेरीजही उदारपणे केलेली असते. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक १२ व्होल्टवर जगतात, त्यामुळे पाहायचा आकडा तोच. आपल्याकडे तो १८ अँपिअर आहे, म्हणजे १२ गुणिले १८ असे २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० या कार्डाची ठरवून दिलेली गरज १७० वॅट आहे. आपला प्रोसेसर कागदोपत्री ६५ वॅटचा असला तरी कामाचा भार अचानक वाढला की थोड्या वेळासाठी तो १०० वॅटच्या वर जाऊ शकतो. त्यात पंखे, डिस्क आणि मदरबोर्ड मिळवले तर भर कामात मागणी ३०० वॅटच्या आसपास पोचते, आणि तीही स्थिर नसते. ग्राफिक्स कार्ड क्षणाच्या अगदी लहान भागापुरते आपल्या नेमून दिलेल्या गरजेपेक्षा बरेच जास्त ओढते. अशा झटक्याने १२ व्होल्टची पातळी घसरली की मदरबोर्ड संगणक पुन्हा सुरू करतो, किंवा एसएमपीएसमधील संरक्षक व्यवस्था स्वतःहून वीज तोडते. या कार्डासाठी निर्मात्याने ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केलेली आहे, ती उगाच नाही.

कन्व्हर्टरबद्दल मात्र मला अधिक कडक शब्दांत लिहिले पाहिजे. साटाची वीजजोडणी डिस्कसाठी बनवलेली असते. तिच्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येक पिनेची मर्यादा दीड अँपिअरची, म्हणजे एका जोडणीतून ५४ वॅट आणि दोन्हींतून मिळून १०८ वॅट. आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॅटपर्यंत वीज मागू शकते, कारण तिची मर्यादाच तेवढी ठरवलेली आहे; उरलेली जास्तीत जास्त ७५ वॅट ते मदरबोर्डवरच्या खाचेतून घेते. म्हणजे कार्ड नियमात राहून वागले तरी कन्व्हर्टर नियमाबाहेर जातो. शिवाय दोन्ही साटा टोके बहुतेक वेळा एसएमपीएसच्या एकाच वायरीवर ओवलेली असतात, त्यामुळे दोन जोडण्या हा नुसता देखावा उरतो. अशा जोडण्या तापतात आणि त्यांचे प्लास्टिक वितळू शकते. म्हणून संगणकाचा त्रास दूर होवो वा न होवो, तो कन्व्हर्टर आजच काढावा.

कन्व्हर्टर काढला म्हणजे कार्डही काढावे लागेल, आणि तीच आपली पहिली खरी चाचणी आहे. आपल्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर नसल्याने त्याच्या आतच साधे ग्राफिक्स आहे. संगणक बंद करून, भिंतीवरचे बटणही बंद करून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी, मग कार्ड काढावे आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डवरच्या जागी लावावी. त्रिमितीय चित्रांचे काम सोडून बाकीचे काम असेच चार-पाच दिवस करावे. काळा पडदा पूर्णपणे थांबला आणि निळा मात्र येत राहिला, तर दोन दोष आहेत हे सिद्ध झाले.

कार्ड काढल्याने त्रास थांबला म्हणजे कार्ड खराब ठरले, असे मात्र समजू नये. कार्ड काढल्याने एसएमपीएसवरचा निम्म्याहून अधिक भार उतरतो, त्यामुळे निर्दोष कार्ड काढले तरी अशक्त एसएमपीएस सुधारल्यासारखा वाटतो. दोघांना वेगळे करण्याचा उपाय म्हणजे एखाद्या परिचिताकडून चांगला, आठ पिनांची स्वतःची वायर असलेला ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणून त्यावर हेच कार्ड चालवणे, किंवा ज्याच्याकडे असा संगणक आहे त्याच्या संगणकात कार्ड चालवून पाहणे. तेथेही काळा पडदा आला तरच कार्ड वॉरंटीत पाठवावे, आणि पाठवताना त्यावरील अनुक्रमांकाच्या चिकटपट्टीचा फोटो काढून ठेवावा. एसएमपीएसची चाचणी म्हणून काही ठिकाणी दोन पिना तारेने जोडून त्याचा पंखा फिरवून दाखवतात. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस जिवंत आहे एवढेच कळते, भार पेलतो की नाही हे कळत नाही. एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये, कारण त्यातील कपॅसिटर वायर काढल्यानंतरही काही काळ घातक व्होल्टेज धरून असतात.

नवा एसएमपीएस घेताना १२ व्होल्टचा आकडा ४० अँपिअर किंवा त्याहून अधिक आहे का, ते पाहावे. ‘८० प्लस’ची खूण असावी, परंतु ती खूण विजेचा अपव्यय किती कमी होतो हे सांगते, आतल्या भागांच्या दर्जाची हमी ती देत नाही. सोलापूरच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. चांगल्या एसएमपीएसच्या माहितीपत्रकात पूर्ण क्षमता किती तापमानापर्यंत टिकते हे दिलेले असते, आणि ४० अंश व ५० अंश यांतला फरक आपल्याकडे कागदावरचा राहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४० अंशांच्या वर असते, पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ते तसेच आत येते आणि कॅबिनेटच्या आत आणखी वाढते.

आपल्याला दुपारी त्रास जास्त होतो असे वाटते, त्यामागे उष्णता असू शकते, पण दुपारी आणखीही काही घडत असते. शेजारच्या कारखान्यांत माग सुरू असतात, आणि मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह ओढते, त्यामुळे त्याच लाइनवर व्होल्टेज क्षणभर खाली जाते. निरोगी एसएमपीएस असा क्षण सहज पचवतो. आधीच मर्यादेबाहेर चालणारा पचवत नाही. वाटण्यावर विसंबू नये, एक वही ठेवावी : वेळ, कोणते काम चालू होते, पंखा किंवा एसी चालू होता का, दिवे मंद झाले का, पडदा काळा की निळा. त्याबरोबर ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्राम तापमान आणि व्होल्टेज सतत फाइलमध्ये नोंदवत ठेवतो. संगणक बंद पडल्यावर त्या फाइलची शेवटची ओळ वाचावी. आपला प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे शेवटच्या ओळीत ७०-७५ अंश असतील तर प्रोसेसरच्या उष्णतेचा संशय सोडून द्यावा. या प्रोग्रामने दाखवलेला १२ व्होल्टचा आकडा ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएसवरचा संशय आणखी दाट होतो. मात्र मदरबोर्डवरचे मोजमाप ढोबळ असते आणि क्षणिक झटके त्यात सापडत नाहीत.

उष्णतेचा विषय निघालाच आहे तर, मागांच्या परिसरात सुताचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. ब्लोअरने ते काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा.

राहता राहिली रॅम, म्हणजे निळ्या पडद्यावरच्या ‘मेमरी’चा प्रश्न. ८ जीबीच्या जुन्या रॅमशेजारी १६ जीबीची नवी बसवणे हा गुन्हा नाही. वेग वेगवेगळे असले तरी दोन्ही कमी वेगावर चालतात, आणि आपल्या प्रोसेसरची रॅमच्या वेगाची मर्यादा २६६६ असल्याने ३२०० ची रॅमही तेथे २६६६ नेच चालेल. तरीही दोन वेगळ्या बनावटीच्या रॅमचे आपसात जमेलच याची हमी कोणी देत नाही. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून संगणक त्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चालू ठेवावा. एक फेरी पुरेशी नाही, तीन-चार फेऱ्या व्हाव्यात. आणि येथे ‘एकच तर चूक आली’ असे म्हणून चालत नाही, कारण निरोगी रॅममध्ये चुकांची संख्या शून्य असते. दोन्ही रॅम असताना चुका आल्या तर एकेक रॅम त्याच खाचेत लावून पुन्हा चाचणी घ्यावी. नवी एकटी असतानाही चुका आल्या तर ती वॉरंटीत बदलून मिळेल. दोन्ही एकेकट्या निर्दोष आणि एकत्र असताना सदोष निघाल्या, तर दुसऱ्या खाचेचाही संशय घ्यावा लागतो : निर्दोष ठरलेली रॅम एकटीच त्या खाचेत लावून पाहावी. तेथेही ती निर्दोष राहिली तर दोघींचे जमत नाही असे धरून, एकाच पाकिटातील जुळी जोडी घेणे हाच सरळ मार्ग. काढताना पिवळ्या पट्ट्यांना बोट लावू नये, आणि बसवताना दोन्ही टोकांचा खटका ऐकू आला पाहिजे. अर्धवट बसलेली रॅम नेमका असाच त्रास देते.

क्रमाबद्दल एक आग्रह आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एसएमपीएस, रॅम आणि ड्रायव्हर एकाच संध्याकाळी बदलले आणि त्रास थांबला तर आनंद होईल, पण कशामुळे थांबला हे कळणार नाही आणि दुकानदाराकडून नेमका कोणता भाग बदलून मागायचा हेही कळणार नाही. बायोस (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) अद्ययावत करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो संगणक स्थिर झाल्यावरच पाळावा, कारण ते काम चालू असताना वीज गेली किंवा संगणक बंद पडला तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

प्रश्न : जुळे सोलापुरात राहतो आणि अभियांत्रिकीला शिकतो. माझ्या रायझन ५ ५६०० च्या संगणकात ८ जीबीच्या दोन रॅम होत्या, त्याच कंपनीच्या आणि त्याच ३६०० वेगाच्या आणखी दोन घातल्या. आता दोन-तीन दिवसांतून एकदा निळा पडदा येतो, दर वेळी वेगळा संदेश असतो. कोणत्याही दोन रॅम ठेवल्या की त्रास नाही. मग खराब कोणती?

उत्तर : बहुधा एकही नाही. ३६०० हा वेग बायोसमधील ‘एक्सएमपी’ किंवा ‘डीओसीपी’ हा पर्याय चालू केल्यावर मिळतो, आणि प्रोसेसरच्या दृष्टीने तो ठरलेल्या मर्यादेपलीकडचा वेग आहे. आपल्या प्रोसेसरसाठी अधिकृत मर्यादा दोन रॅम असताना ३२०० आहे. चार असताना, रॅम एका रँकच्या (रँक म्हणजे रॅमवरच्या चिपांचा एक संच) असतील तर २९३३ आणि दोन रँकच्या असतील तर २६६७ अशी ती खाली येते, कारण चार रॅम हाताळताना प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरवर भार वाढतो. दर वेळी वेगळा संदेश येणे हेही मेमरीच्याच दोषाचे लक्षण आहे : बिघडलेला मजकूर ज्या प्रोग्रामच्या वाट्याला येतो त्याच्या नावाने संदेश निघतो. तो पर्याय बंद करून चारही रॅम आठवडाभर चालवाव्यात. निळा पडदा थांबला तर वेग २९३३, मग ३२०० असा एकेक पायरीने वाढवावा आणि प्रत्येक पायरीवर मेमटेस्ट रात्रभर चालवावा. ३६०० चा हट्ट सोडल्याने आपल्या रोजच्या कामात जाणवण्याजोगे नुकसान होणार नाही.

प्रश्न : नवी पेठेत आमचे डीटीपीचे दुकान आहे. ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून लाइट गेली की यूपीएस किंचाळतो आणि संगणक त्याच क्षणी बंद होतो. पूर्वी दहा मिनिटे सहज मिळत. लाइट असताना काही त्रास नाही. यूपीएस ६०० व्हीएचा आहे.

उत्तर : ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे ६०० वॅट नव्हेत. या आकाराचे बरेच यूपीएस ३६० वॅटपर्यंतच पेलतात, हा आकडा यूपीएसच्या मागच्या पट्टीवर पाहावा. नवे कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज यांची बेरीज काम चालू असताना त्याच्या वर जात असेल, तर बॅटरीवर जाताच यूपीएस स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. खात्रीसाठी संगणक नुसता चालू ठेवून, कोणतेही काम न करता भिंतीवरचे बटण बंद करून पाहावे : तो तग धरून राहिला तर भाराचा प्रश्न आहे, तेव्हाही पडला तर बॅटरी थकली आहे किंवा यूपीएस आणि एसएमपीएस यांचे जमत नाही. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्हऐवजी पायऱ्यांसारखी वेव्ह देतात आणि ‘ॲक्टिव्ह पीएफसी’ (विजेचा प्रवाह सुधारणारी व्यवस्था) असलेले काही एसएमपीएस ती मान्य करीत नाहीत. म्हणून नवा यूपीएस घेताना शुद्ध साइन वेव्हचा आणि निदान ६०० वॅटचा घ्यावा. यूपीएसला लेझर प्रिंटर जोडलेला असेल तर तो आधी काढून थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावावा, कारण छपाईआधी त्याचा रोलर तापतो तेव्हा तो एकटाच अनेक शे वॅट ओढतो. डीटीपीच्या दुकानांतील अशा निम्म्या तक्रारी नवा खर्च न करता तेवढ्यानेच मिटाव्यात.